लुई ब्रेल : कुव्रे गावचा मुलगा

४ जानेवारी ही लुई ब्रेल यांची जयंती. त्या दिवशी परिपाठात आपण सहा ठिपक्यांची माहिती देतो आणि मुलांना थेट पॅरिसला नेतो. मला वाटतं, आधी त्यांचं गाव सांगावं.

पॅरिसच्या पूर्वेला साधारण ४० किलोमीटरवर कुव्रे नावाचं छोटं खेडं आहे. १८०९ साली लुईचा जन्म तिथलाच. वडील घोड्यांची खोगिरं आणि लगाम बनवायचे. तीन वर्षांचा असताना लुई त्यांच्या कामाच्या जागी चामडं टोचायची आरी घेऊन खेळत होता. ती निसटली आणि डोळ्यात घुसली. जखम चिघळून दुसऱ्या डोळ्यालाही बाधा झाली. पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली.

त्या काळी अशा अनेक मुलांच्या वाट्याला भीक मागणंच यायचं. पण लुईच्या वडिलांनी त्याला काठी करून दिली. तिने रस्ता चाचपत तो गावात फिरू लागला. फळीवर खिळे ठोकून त्यांनी अक्षरंही बनवली, बोट फिरवून ओळखायला. (आपण ज्याला शैक्षणिक साहित्य म्हणतो ना, ते हेच!) चर्चचे धर्मगुरू पालुई यांनी त्याला शिकवायला घेतलं. पुढे गावच्या गुरुजींनी त्याला डोळस मुलांबरोबर वर्गात बसवून घेतलं. ना खास प्रशिक्षण, ना कुठला जीआर!

लुई ऐकून सगळं लक्षात ठेवायचा. पण बाकीच्यांनी पुस्तक उघडलं की याचे हात रिकामेच. ही अडचण गावात सुटणारी नव्हती.

म्हणून १८१९ मध्ये, दहाव्या वर्षी, तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. तिथली उठावाच्या अक्षरांची पुस्तकं अवजड होती, वाचायलाही वेळ लागे. बार्बिए नावाच्या लष्करी अधिकाऱ्याची १२ ठिपक्यांची पद्धत तिथे आली, पण तिचं एक चिन्ह बोटाच्या टोकाखाली मावत नव्हतं. लुईने सहाच ठिपके ठेवले. वय वर्षं पंधरा! आणि हे ठिपके उठवायचं साधनही आरीसारखंच टोकदार.

पुढे ते त्याच शाळेत शिक्षक झाले. १८५२ मध्ये क्षयाने गेले, तेव्हा जेमतेम ४३ वर्षांचे होते. शाळेने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये.

त्यांना कुव्रेतच पुरलं होतं. १९५२ साली फ्रान्सने त्यांचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने नेले. हात मात्र गावातच ठेवले, ते आजही तिथेच आहेत.