नारायण वामन टिळक : उंबरठ्यापासून आतपर्यंत

बाप्तिस्मा झाला म्हणजे देवाजवळ पोहोचलो, अशी समजूत आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत पुष्कळांची आहे. कै. रे. नारायण वामन टिळक ह्यांचे चरित्र पाहिले असता, त्यांच्यापुरता तरी तो केवळ उंबरठा होता, असे दिसून येते. आत जाण्यास त्यांस पुढे वीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्यातील बराच काळ आपल्या ह्या नगरात गेला.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मणाच्या घरी झाला. आई जानकीबाई लवकर निवर्तली. वडिलांचा स्वभाव कडक. तेव्हा मुलगा घर सोडून नाशिकास आला आणि तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी संस्कृत शिकला. पुढे जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी त्यांस दिली, तीच लक्ष्मीबाई. नोकरी एके ठिकाणी टिकत नसे. देशाची अवनती कशाने झाली, जातिभेद व मूर्तिपूजा ह्यांनी काय साधले, ह्या विचारांनी त्यांचे मन तळमळत असे, व एखादा नवा धर्मच स्थापावा, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती.

1893 च्या सुमारास नागपुराहून राजनांदगावास जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. त्या गृहस्थाने आदराने बोलून त्यांस नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले.  (आपल्या प्रचारक बंधूंनी हे ध्यानी घ्यावे की, त्याने वाद घातल्याचे कोठेही सांगितलेले नाही.) टिळकांनी पुस्तक उघडले, ते डोंगरावरील प्रवचनाशी येऊन थबकले. वर्षानुवर्षे मनात घोळलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांस तेथे मिळाली. दि. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत, अमेरिकन मिशनच्या मंडळीत, एका हिंदी पाळकाच्या हातून त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ह्या पावलाची किंमत घरातच द्यावी लागली. लक्ष्मीबाई कडक सोवळ्याच्या. त्या तीन-चार वर्षांच्या दत्तूस घेऊन आपल्या नातलगांकडे राहिल्या. पतिपत्नींची ही ताटातूट सुमारे पाच वर्षे चालली. पती जिवंत असून बाईला घर नाही, आणि संसार असून पुरुष एकटा, अशी ती अवस्था. पुढे त्या नगरास आल्या तरी त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी त्यांस धर्माची सक्ती केली नाही. अखेर जातीची रचना देवाची नसून माणसाची आहे, असे त्यांच्या मनानेच घेतले, आणि 1900 साली मायलेकांचा बाप्तिस्मा झाला. घरातील एकाने प्रभूला धरले व बाकीची अजून बाहेर आहेत, अशी कुटुंबे आपल्यांतही पुष्कळ आहेत. टिळकांच्या विद्वत्तेपेक्षा त्यांचा हा धीर मला अधिक मोलाचा वाटतो.

नगरास ते सेमिनरीत शिकवीत. 1904 साली त्यांची पाळकाची दीक्षा झाली. 1912 पासून 'ज्ञानोदया'ची मराठी बाजू त्यांच्याकडे होती. सावेडी त्या काळी नगराबाहेरचे खेडे होते. आज शहराने ते आपल्या पोटात घेतले आहे. परंतु त्यांची पदे तेव्हाही खेड्यांत पोहोचली, कारण ती ओवी-अभंगांच्या चालीवर होती. ख्रिस्ती कीर्तन नगरास नवे नव्हते, कृष्णराव सांगळे ह्यांनी तो मार्ग आधीच पाडला होता. मात्र तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, हे टिळकांनी कधी लपविले नाही, आणि त्या पुलावरून ते जन्मभर लोकांना आणीत राहिले.

लोक त्यांस फुलामुलांचा कवी म्हणत. आरंभीच्या कवितांत फूल, मूल आणि देश हेच विषय फार. अखेरच्या वर्षांतील 'अभंगांजली' वाचावी, म्हणजे पालट कळतो. तेथे सिद्धान्त मांडणारा विद्वान मागे सरला आहे आणि गुरूच्या पायांशी बसलेला शिष्य बोलतो आहे. कधी तो गुरूला आई म्हणतो, कधी सखा. प्रार्थना म्हणजे मागणे, ही कल्पना मागे पडून प्रार्थना म्हणजे नुसते जवळ असणे, असे तेथे झालेले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे हा पालट एका दिवसाचा नव्हे. रोजची उपासना, घरातील दुःखे, आणि दारी आलेल्याला जे असेल ते देऊन टाकण्याची त्यांची खोड (लक्ष्मीबाईंना ती फार जड जाई!) ह्यांतून तो हळूहळू घडला.

ह्या जवळिकीनेच त्यांस 1917 साली मिशनची नोकरी सोडावयास लावली. वय पंचावन्न उलटलेले, प्रकृती तोळामासा, पगाराखेरीज दुसरी मिळकत नाही. कित्येक मित्रांस हा अविचार वाटला, आणि संसाराच्या हिशेबाने तो होताच. परंतु पगारी उपदेशकाचे बोलणे लोक पगाराचे समजतात, ही खंत त्यांच्या मनास लागली होती. त्यांनी सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य त्यात एकत्र यावेत, असा त्यांचा हेतू होता. ह्या हेतूविषयी तेव्हाही मतभेद होते, आजही आहेत. मंडळीची शिस्त सांभाळणाऱ्या पाळकास तो सहज पटण्यासारखा नाही, हे मीही कबूल करितो.

दरबारास दोनच वर्षे मिळाली. दि. 9 मे 1919 रोजी मुंबईस टिळक प्रभूकडे गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन झाले आणि अस्थी नगरास आणिल्या. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे प्रभुचरित्र दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. एके काळी त्यांच्या हातचे पाणी न घेणाऱ्या लक्ष्मीबाईंनी त्यापुढे साठांहून अधिक अध्याय रचिले.