सोवळे सोडले, मग काय धरले?

वरणगावच्या आमच्या घरात आजीचे सोवळे कडक होते. तिचा पाण्याचा हंडा वेगळा, आणि शाळेतून आलेल्या पोरांनी त्याच्या वाऱ्यालाही उभे राहायचे नाही. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत. तिथे सगळ्या जातिधर्मांच्या माणसांबरोबर डबा खायचे आणि घरी आले की मुकाट्याने अंगावर पाणी घ्यायचे. पुढे कॉलेजात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हाती पडली आणि तो हंडा एकदम डोळ्यांपुढे आला.

लक्ष्मीबाईंचे पती म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१चा, कोकणातल्या करजगावचा. विद्वान, कवी, कीर्तनात रंगणारे आणि डोक्याने तापट. आपला देश जातीपातींत का अडकला, ही त्यांची तळमळ. १८९३च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' दिला. येशूचे डोंगरावरचे प्रवचन वाचून टिळक हलले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता कुणी म्हणेल, एक पोथी सोडली आणि दुसरी धरली. मलाही आधी तसेच वाटले होते. पण टिळकांचा ख्रिस्त हा हुकूम सोडणारा साहेब नव्हता. तो गुरू होता, सखा होता, माउली होता. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. वारकरी जसा विठोबाशी भांडतो, रुसतो, तसे टिळक ख्रिस्ताशी वागत. त्यांनी चर्चमध्ये भजन आणले, कीर्तन आणले. मराठी उपासनेत त्यांची गीते आजही म्हटली जातात.

या नात्याची खरी परीक्षा मात्र घरात झाली, आणि तिची किंमत आधी लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा बाटला म्हणून त्या लहानग्या दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने राहिल्या. चार-पाच वर्षे! टिळकांना देव सापडला खरा, पण त्या माउलीचे काय झाले असेल, हा विचार मनातून जात नाही. त्या परत आल्या तेव्हा टिळकांच्या घरात त्यांचे सोवळे तसेच चालू राहिले. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी ते चालू दिले. इतक्या तापट माणसाने इथे धीर धरला, हे मला त्यांच्या सगळ्या कवितांहून मोठे वाटते. पुढे एके दिवशी, जात देवाने केली की माणसाने, असा विचार लक्ष्मीबाईंनीच केला आणि सोवळे आपल्या हाताने सोडले. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. टिळकांनी अर्धवट सोडलेले 'ख्रिस्तायन' पुढे त्यांनीच पूर्ण केले.

टिळकांचे पाऊल एवढ्यावर थांबले नाही. मिशनचा पगार आणि शिस्त आपल्या व लोकांच्या मध्ये येते, असे त्यांना वाटू लागले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्याशाची वृत्ती धरली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशीच न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही. मिशनच्या मंडळींना हे पचणे सोपे नव्हते.

आमच्या खानदेशाशीही या घराचे नाते आहे. धरणगावात जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली. ते हिंदूच राहिले आणि त्या मायेत त्यामुळे काही उणे आले नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले. त्यानंतर वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, टिळकांनी मुंबईत देह ठेवला.

शेवटच्या आजारात आजीला वरणगावहून जळगावला दवाखान्यात नेत होतो. भुसावळ मागे पडले, भादली आले. तिने पाणी मागितले. तिचा तांब्या घरीच राहिला होता. समोरच्या बाईने आपली बाटली पुढे केली. आजीने तिच्याकडे पाहिले, तिचे नाव-गाव काही विचारले नाही, आणि दोन्ही हातांची ओंजळ केली.