डार्विनच्या रोजच्या फेऱ्या

चार्ल्स डार्विन म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? लांब पांढरी दाढी, उत्क्रांती आणि परीक्षेतला पाच मार्कांचा प्रश्न. पण तुमच्या वयाचा असताना हाच डार्विन चक्क मेडिकल अर्धवट सोडून आला होता, माहितीये?

वडील डॉक्टर. त्यांनी १८२५ मध्ये, सोळाव्या वर्षी त्याला एडिंबरोला धाडलं. तेव्हा भूल न देता ऑपरेशन व्हायची. ती त्याला बघवेनात. दोन वर्षांत तो परत आला. मग पाद्री व्हायला केंब्रिजला पाठवलं, तर तिथं स्वारी भुंगेरे गोळा करत हिंडायची. एकदा दोन्ही हातांत एकेक भुंगेरा असताना तिसरा दिसला. यानं हातातला एक सरळ तोंडात टाकला! वडिलांना ही भटकंती म्हणजे टाइमपास वाटे. पण याच नादापायी १८३१ मध्ये ‘बीगल’ जहाजावर जागा मिळाली आणि पठ्ठ्या जवळपास पाच वर्षं जग फिरला.

परतल्यावर मात्र तब्येतीनं दगा दिला. उलट्या, छातीत धडधड, डोकेदुखी. डॉक्टरांना नेमकं निदान होईना. १८४२ मध्ये लंडन सोडून तो केंटमधल्या डाऊन या खेड्यात राहायला गेला. १८४६ मध्ये घराजवळची दीड एकराची पट्टी भाड्यानं घेतली, तिथं झाडं लावली आणि कडेनं पायवाट केली. तिचं नाव ‘सँडवॉक’. रोज दुपारी तो तिथं फेऱ्या मारायचा. मोजायला वाटेत दगड रचायचे आणि दर फेरीला एक पायानं उडवायचा. कधी कधी तो इतका स्तब्ध उभा राही, की एकदा खारीची पिल्लं त्याच्या अंगावर चढली.

१८५१ मध्ये त्याची दहा वर्षांची लाडकी लेक ॲनी गेली. त्या फेऱ्यांनी हे दुःख पुसलं नाही, की आजारही बरा केला नाही. पण रोज काही वेळ दुखण्याकडचं लक्ष पान, पक्षी, किड्याकडे वळायचं. डोक्यातला गुंता तिथंच सुटायचा. प्रजातींच्या उत्पत्तीवरचं १८५९ चं गाजलेलं पुस्तक याच काळात तयार झालं. १८८१ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यानं अख्खं पुस्तक लिहिलं ते गांडुळांवर!

तेव्हा टेन्शन आलं की हिमालयातल्या ट्रेकची वाट बघू नका. कॉलेजमागची चार झाडंही चालतील. फक्त मोबाइल खिशात ठेवा आणि रोज जा.