लंकेचे प्रेषित संत जोसेफ वाझ

आपल्या देवळाच्या ज्युबिलीच्या आनंदांत आम्हांस एका अशा प्रजेची आठवण होते, कीं जिला देऊळ उरलें नव्हतें, धर्मगुरु उरला नव्हता, आणि तरीहि परमेश्वरानें जिला टाकिलें नाहीं. ती प्रजा लंकेंतील कॅथलिक लोकांची. त्यांजकडे परमेश्वरानें जो माणूस धाडिला तो गोव्याचा, घरीं कोंकणी बोलणारा होता.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजीं साष्टींतील बाणावली येथें आजोळीं झाला. वडिलांचें गांव सांकवाळ. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. कानडा प्रांतांत कांहीं वर्षें सेवा करून ते परतले, आणि १६८५ सालीं जुन्या गोव्यांतील ओरातोरियन संघाचे प्रमुख झाले. मान होता, स्वस्थता होती. परंतु त्यांचें चित्त लंकेकडे लागलें होतें.

डच लोकांनीं १६५६ त कोलंबो व १६५८ त जाफना पोर्तुगीजांपासून जिंकून घेतलें आणि कॅथलिक उपासनेस बंदी केली. धर्मगुरूंना हांकलून दिलें. जवळजवळ तीस वर्षें मिस्साबलि नाहीं, पापनिवेदन नाहीं. मरणाऱ्याच्या उशाशीं धर्मगुरु नाहीं. आईबापांनीं घरांत दबल्या आवाजांत ज्या प्रार्थना शिकविल्या तेवढ्यावर एक सबंध पिढी वाढली. देव आम्हांस विसरला, असें त्यांपैकीं कित्येकांच्या मनांत आलें असेल. आम्ही त्यांस दोष देत नाहीं.

१६८७ सालीं फादर वाझ आपला विश्वासू सेवक जॉन याजसह मजुराच्या वेषांत जाफन्यास उतरले. आरंभच मोठा कठीण! उतरतांच अतिसारानें त्यांस गांठलें व ते मरणाच्या दारीं जाऊन पोंचले. बरें वाटूं लागल्यावर गळ्यांत जपमाळ घालून ते भिकाऱ्याप्रमाणें दारोदार फिरूं लागले. भिक्षा हें निमित्त. त्या माळेकडे कोणाची दृष्टि खिळते तें पाहावयाचें होतें. अशा रीतीनें एकेक घर उमगलें, आणि रात्रीं दारें लावून पुन्हां मिस्सा होऊं लागली. पुढें डच शिपायांचा ससेमिरा वाढला, तेव्हां त्यांस पुट्टलम येथें जावें लागलें.

१६९२ सालीं ते कँडीच्या स्वतंत्र राज्यांत शिरले, तों पोर्तुगीजांचे हेर म्हणून त्यांस कैदेंत टाकण्यांत आलें. आम्हांस ह्या चरित्रांतील हेंच पान सर्वांत मोलाचें वाटतें. एवढ्या संकटांतून पार होऊन अखेर बंदिवास! परंतु त्या बंदिवासांतच ते सिंहली भाषा शिकले, तेथेंच त्यांनीं गवताची झोंपडी उभारून आल्तार मांडिला, आणि तेथेंच कँडींतील कॅथलिक लोक त्यांजकडे येऊं लागले. डचांचा हात पोंचत नव्हता अशी जागा परमेश्वरानें त्यांस दिली होती; फक्त तिला पहारा होता, इतकेंच.

पुढें अवर्षण पडलें. चरित्रकार सांगतात कीं, भिक्षूंच्या प्रार्थनांनंतरहि पाऊस न पडल्यामुळें राजा दुसरा विमलधर्मसूर्य यानें फादर वाझ यांस विनंती केली. त्यांनीं चौकांत आल्तार व क्रूस उभारून प्रार्थना केली आणि मुसळधार पाऊस आला. राजानें त्यांस धर्मकार्याची मोकळीक दिली. तरीपण राजाचें मन खरोखर जिंकलें तें १६९७ च्या देवीच्या सांथीनें. घरचीं माणसें रोग्यांना रानांत टाकून पळत असतां फादर वाझ व त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो त्यांस खोपटांत निजवीत, अन्न भरवीत, व्रण धूत आणि मेलेल्यांस मूठमाती देत. रोगी कोणत्या धर्माचा, हें त्यांनीं पाहिलें नाहीं.

गोव्याहून आणखी धर्मगुरु येत गेले. त्यांतील दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस यांनीं सिंहली भाषेंत ख्रिस्ती ग्रंथ रचिले. बिशपपद देऊं केलें असतां फादर वाझ यांनीं नाकारिलें. लंका सोडून ते पुन्हां गोव्यास आले नाहींत. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडींतच त्यांनीं देह ठेविला.

पोप दुसरे जॉन पॉल यांनीं २१ जानेवारी १९९५ रोजीं कोलंबो येथें त्यांस धन्यवादित म्हणून घोषित केलें, आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं त्याच नगरीच्या समुद्रकांठच्या मैदानावर पोप फ्रान्सिस यांनीं त्यांची संतपदीं स्थापना केली. ज्या कोलंबोंत फादर वाझ यांना वेष पालटून शिरावें लागे, तेथें त्या सकाळीं लक्षावधि लोकांनीं भर उजेडांत मिस्साबलींत भाग घेतला.