बुलढाण्याच्या ताराबाई

ताराबाई शिंदे हे नाव मी प्रथम ऐकले ते बी.ए.च्या पहिल्या वर्षी, मराठीच्या तासाला. सरांनी फळ्यावर ‘स्त्री-पुरुष तुलना, १८८२’ एवढेच लिहिले आणि लेखिका आपल्या शेजारच्या बुलढाण्याच्या, असे सांगितले. मी ते वहीत उतरवून घेतले. परीक्षेत दोन गुणांना येईल म्हणून पाठ केले आणि विसरून गेले. त्या नावाची खरी आठवण झाली ती पुढच्या वर्षी, एका दुःखद प्रसंगामुळे.

आमच्या वर्गातील एक मैत्रीण एकाएकी महाविद्यालयात यायची बंद झाली. वर्गातल्याच एका मुलाशी ती एस.टी. स्टँडवर बोलताना कोणीतरी पाहिले होते. पाहणाऱ्याने घरी सांगितले, घरच्यांनी पुस्तके बांधून ठेवली आणि तीन महिन्यांच्या आत तिचे लग्न झाले. तो मुलगा मात्र रोज वर्गात येत होता. त्याला कोणी काही विचारले नाही. आणि कबूल करायला लाज वाटते, पण त्या दिवसांत मीही चारचौघींत म्हणाले होते की, तिनेच जरा जपून राहायला हवे होते.

त्याच सुमारास ग्रंथालयातून ‘स्त्री-पुरुष तुलना’ घरी आणली. दोन रात्रींत वाचून संपवली, आणि माझे ते वाक्य मला फार दिवस टोचत राहिले.

ताराबाईंचा जन्म १८५० च्या सुमारास बुलढाण्यात झाला. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि बुलढाण्याप्रमाणेच आपले वाशीमही त्या वऱ्हाडातलेच. वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. घरची शेती होती. बापूजी जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजातले, नव्या विचारांचे गृहस्थ. भावंडांत ताराबाई एकटीच मुलगी. मुलीला अक्षर शिकवले तर ती बिघडते असे मानण्याच्या त्या काळात बापूजींनी तिला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवले. लग्नानंतर जावई घरजावई म्हणून राहिले, त्यामुळे ताराबाई माहेरीच राहिल्या. त्यांना मूलबाळ झाले नाही.

यावरून त्या अगदी मोकळ्या होत्या असे मात्र समजू नये. मराठमोळ्या घरातला पडदा त्यांच्याही वाट्याला होता. आपण घरच्या कोंडमाऱ्यात राहणारी बाई आहोत, आपल्याला जग ते काय ठाऊक असणार, असे त्या स्वतःच आरंभी लिहितात. पुढची पाने वाचली म्हणजे हा विनय किती वरवरचा आहे ते ध्यानात येते. घरात बसून त्यांनी वर्तमानपत्रे, कादंबऱ्या, पुराणे, सगळे डोळसपणे वाचले होते.

पुस्तकास निमित्त झाले ते एका खटल्याचे. १८८१ साली सुरतेच्या न्यायालयात विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा उभी होती. विधवेला मूल झाले, लोकलज्जेच्या भयाने तिने ते मारले, असा आरोप होता. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आली. या खटल्यावरून वर्तमानपत्रांत मोठे वादळ उठले. ‘पुणे वैभव’सारख्या सनातनी पत्राने तर विजयालक्ष्मीच्या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतले. बायका मुळातच अशा, त्यांना मोकळीक दिली की असेच व्हायचे, असा एकंदर सूर.

या सगळ्या गदारोळात एका माणसाचा उल्लेखच नव्हता. तो म्हणजे त्या मुलाचा बाप. ताराबाईंनी नेमके यावर बोट ठेवले. गुन्ह्याला दोन माणसे लागली, मग कठड्यात एकच कशी? मुलाला जन्म देणारीला फाशी, आणि तिला त्या अवस्थेला आणणारा पुन्हा उजळ माथ्याने समाजात वावरतो, हा कुठला न्याय?

१८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात हे पुस्तक छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. स्त्री आणि पुरुष यांत अधिक साहसी कोण, हे दाखवण्यासाठी निबंध लिहिल्याचे मुखपृष्ठावरच सांगितले आहे. येथे साहस म्हणजे आजच्या अर्थाचे धाडस नव्हे. अविचार, दुष्कर्म असा त्या शब्दाचा जुना अर्थ आहे. पुरुषांनी स्त्रियांवर घातलेला एकेक आरोप ताराबाई हाती घेतात आणि तोच पुरुषांना लावून पाहतात. बायका संशयी, कपटी, चंचल, अविचारी म्हणता, बरे, मग तुम्ही कसे आहात ते पाहू या, अशी सगळी मांडणी. भाषा घरातली, बोलीतली, चुलीपुढे बसून सुनावल्यासारखी. कित्येक ठिकाणी हसू येते आणि लगेच हसल्याबद्दल वाईट वाटते.

विधवेला जन्मभर कोपऱ्यात बसवता, मग बायको मेल्यावर पुरुषाने मिशा काढून रानात का जाऊ नये, असे त्या विचारतात. त्याला तर लगेच दुसरी बायको चालते. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली हे सारे अभिमानाने सांगतात, पण बायकोचा प्राण परत आणायला यमाच्या दारी गेलेला एखादा नवरा कुठल्या पुराणात आहे का? ऋषी आणि देवादिकांच्या कथाही त्या सोडत नाहीत. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा त्या काळी गाजलेल्या कादंबऱ्यांत बायका कशा रंगवल्या आहेत, याचाही समाचार घेतात. सभांमधून स्त्रीसुधारणेची व्याख्याने झोडून घरी मात्र जुनाच कित्ता गिरवणाऱ्या सुधारकांनाही त्यांच्या हातून सुटका नाही.

मला या जागी माझ्या आजीची आठवण होते. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. त्यांत सीतेचा वनवास यायचा, आणि त्या ओव्यांत रामाचा जयजयकार थोडा, सीतेचे दुःख फार. आपल्या बायांनी पिढ्यान् पिढ्या जात्याशी बसून सीतेची बाजू घेतली आहे. पण ते गाऱ्हाणे जात्याच्या घरघरीत घरातल्या घरात राहिले. ताराबाईंनी तेच छापखान्यात नेले, आपले नाव घालून, नऊ आणे किंमत लावून. मला त्यांचे मोठेपण यात दिसते.

समाजाने त्याची किंमत वसूल केली. पुस्तकावर टीका झाली, टवाळी झाली. जोतीराव फुले मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंचा उल्लेख लेकीच्या मायेने केला आणि त्यांची बाजू मांडली. तरी ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. १९१० च्या सुमारास त्या वारल्या. पुढे कित्येक वर्षे मराठी वाङ्मयाला त्यांचा विसर पडला. १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे ते आपल्यापर्यंत आले. १९९४ साली रोझलिंड ओ’हॅनलन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले आणि बुलढाण्याचे नाव परदेशातल्या विद्यापीठांत पोहोचले.

असे केवळ आपल्याकडेच घडत होते असे नाही. पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ही १८८२ सालचेच. आणि त्या रमाबाईंची कीर्ती दूर जावा बेटावर एका मुलीच्या कानी गेली होती. तिचे नाव कार्तिनी. जन्म १८७९ चा. बाराव्या वर्षी तिची शाळा सुटली आणि चालीप्रमाणे तिला घरात बंद करण्यात आले. तिने डच भाषेत मैत्रिणींना पत्रे लिहिली, मुलींचे शिक्षण आणि बहुपत्नीकत्व यांविषयी तळमळून लिहिले, रमाबाईंचा आदराने उल्लेख केला. तिचेही लग्न घरात आधीच बायका असलेल्या पुरुषाशी झाले आणि १९०४ साली बाळंतपणानंतर, पंचविसाव्या वर्षी, ती गेली. १९११ साली तिची पत्रे छापली गेली. आज इंडोनेशियात तिचा जन्मदिवस, २१ एप्रिल, साजरा होतो. बुलढाण्याचा पडदा आणि जावातला पडदा, दोन्हींच्या आडून आलेला प्रश्न एकच.

ताराबाईंचे सारेच आज पटते असे नाही. इंग्रज सरकारचे त्यांनी मानलेले आभार खटकतात. वेश्यांविषयी त्या फार कठोर लिहितात, तेथे त्यांची तुलना अपुरी पडते असे मला वाटते. पण त्यांनी हाती दिलेला तराजू खरा आहे. त्यात आपण त्यांनाही तोलू शकतो.

दिवाळीच्या सुट्टीत माझी ती मैत्रीण माहेरी आली होती. मी भेटायला गेले. आधी माझ्या त्या बोलण्याची माफी मागितली. तिला ते कोणीतरी केव्हाच कळवले होते. ती काही वेळ गप्प बसली, मग चहा ठेवला. निघताना मी तिच्या हाती ताराबाईंचे पुस्तक दिले. परवा तिचा निरोप आला. पुस्तक वाचून झाले आहे आणि बाहेरून परीक्षेला बसायचा अर्ज कोठे मिळतो ते तिने विचारले आहे. सासरचे काय म्हणतील ते तिलाही ठाऊक नाही, मलाही नाही. अर्ज मी आणून ठेवला आहे.

मित्रमैत्रिणींनो, ग्रंथालयात हे लहानसे पुस्तक आहे. मैत्रिणी ते वाचतीलच. माझी विनंती मित्रांना अधिक आहे, कारण ताराबाईंनी ते मुख्यतः त्यांच्यासाठी लिहिले होते.