पेशींचे पारखी : डॉ. खानोलकर

मनुष्याचे शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. निरोगी शरीरात या पेशी शिस्तीने वाढतात; कर्करोगात ती शिस्त मोडते व पेशी अनिर्बंध वाढू लागतात. एखादी गाठ कर्करोगाची आहे किंवा नाही, हे केवळ वरून पाहून निश्चित सांगता येत नाही. तो निर्णय पेशी पारखणारा विकृतिशास्त्रज्ञ देतो. भारतात या शास्त्राचा भक्कम पाया घालणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रभागी होते.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. लंडन विद्यापीठात विकृतिशास्त्राचा अभ्यास करून १९२३ मध्ये त्यांनी एम. डी. ही पदवी संपादन केली. स्वदेशी परतल्यावर मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांचे संचालकपद त्यांच्याकडे आले. अशी रुग्णालये तेव्हा देशात फारच थोडी होती. त्यामुळे इगतपुरीहून थळघाट उतरणाऱ्या आगगाड्यांतून नाशिक-खानदेशाकडील रोगीही मोठ्या आशेने मुंबईस येत.

रोग्याच्या गाठीचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत येई. तो मेणात बसवून त्याचे केसाहूनही पातळ काप काढीत व ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवीत. पेशींची केंद्रे मोठी, गडद व वेडीवाकडी दिसली, की संशय बळावे. परंतु निर्णय नेहमीच सोपा नसतो. सुजलेल्या किंवा भरून येणाऱ्या जखमेतील पेशीही कधीकधी तशाच भासतात. घाईने होकार दिला, तर कर्करोग नसलेल्या मनुष्यावर विनाकारण मोठी शस्त्रक्रिया होईल; घाईने नकार दिला, तर रोग आतल्या आत वाढत राहील. म्हणून आणखी काप काढणे, तुकडा पुन्हा मागविणे, दुसऱ्या जाणत्यास दाखविणे आणि तोवर निर्णय अनिश्चित असल्याचे प्रांजळपणे लिहिणे, हाच या शास्त्राचा धर्म होय.

खानोलकरांची दृष्टी मात्र सूक्ष्मदर्शकाच्या काचेपाशीच थांबली नाही. पेशी बिघडल्या कशाने, याचा शोध त्यांनी रोग्यांच्या राहणीत घेतला. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रोग्यांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. कमरेला धोतर घट्ट कसणे, तंबाखू व चुना ओठात धरून ठेवणे, चिरुटाचे पेटते टोक तोंडात घेऊन ओढणे, अशा सवयींशी निगडित कर्करोगही त्यांनी १९४५ मध्ये जगापुढे मांडले. रोगाचे मूळ सवयीत असेल, तर सवय सोडून तो टाळताही येतो, ही आशा या संशोधनाने दिली.

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, ते त्यांच्याच पुढाकाराने. कुष्ठरोगावरही त्यांनी मोलाचे संशोधन केले. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

काचेवरील एवढ्याशा ठिपक्यामागे एक जिवंत मनुष्य असतो. त्याच्यासाठी नीट पाहावे, शंका असेल तर पुन्हा पाहावे आणि मगच बोलावे, ही शिकवण विकृतिशास्त्र आजही देत आहे.