कुंभकोणमच्या बालामणी अम्माळ

महाराष्ट्रात संगीत नाटकांतील नायिका पुरुष नटच साकारीत. बालगंधर्व (१८८८–१९६७) हा त्या परंपरेचा कळस. एकेकाळी तंजावरच्या मराठी राज्यात असलेल्या कावेरीकाठच्या कुंभकोणममध्ये मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बालामणी अम्माळ यांनी नेमके उलट साहस केले. त्यांच्या नाटक मंडळीत पुरुषपात्रेही स्त्रियाच वठवीत. त्यांच्या खेळांसाठी रात्री खास आगगाड्या सुटत. लोक त्यांना ‘बालामणी स्पेशल’ म्हणत. रंगभूमीवर येणाऱ्या स्त्रीला समाज हीन लेखीत असताना त्यांनी निराधार स्त्रियांना आश्रय व स्वकष्टाची भाकरी दिली. स्वतःचे अखेरचे दिवस मात्र त्यांनी मदुराईत दारिद्र्यात कंठले. शाळेच्या रंगमंचावर आज मुली निःसंकोच उभ्या राहतात. त्या वाटेवरचे एक आरंभीचे पाऊल बालामणींचे आहे.